पर्सेफनीची माय काय करत होती?

आज ग्रीक पुराणातली एकच गोष्ट घेऊ. ज्यांनी 'हेडीस' हा गेम खेळलाय त्यांना पर्सेफनी माहीत आहे. लहानपणी ही गोष्ट आपल्याला अशी सांगतात: पाताळाचा राजा हेडीस एका पोरीला पळवून नेतो, तिची आई, म्हणजे धान्याची देवी डिमीटर, रडत बसते, म्हणून हिवाळा येतो. पोरगी परत आली की वसंत. झालं, संपलं.

पंचविशी उलटल्यावर मी जुनं काव्य वाचलं, इंग्रजी भाषांतरात. डिमीटरचं स्तोत्र. इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातलं, फक्त ४९५ ओळींचं. ज्या एका हस्तलिखितामुळे ते आपल्याला वाचता येतं, ते १७७७ मध्ये मॉस्कोत सापडलं.

त्यात सुरुवातीलाच कळतं की पळवून नेणं वगैरे नंतरचं. आधी बापानं, झ्यूसनं, होकार दिलाय. पोरीला विचारलं नाही, मायलाही नाही. आणि नवरा कोण, तर बापाचा सख्खा भाऊ. डिमीटर नऊ दिवस मशाली घेऊन, अन्नपाण्याविना पोरीला शोधते. शेवटी सूर्यदेव तिला खरं सांगतो आणि वर समजूत काढतो, की बाई, जावई काही वाईट नाही, घरचाच आहे, राज्यही मोठं आहे. मी थांबलोच तिथं. आपल्याकडच्या बैठकीत बसलेला एखादा मामा बोलतोय असं वाटलं.

मूर्तिजापूरला आजीला फोनवर ही गोष्ट सांगितली. ती म्हणे, "काकाले देल्ली?" मग जरा वेळानं, "अन् माय काय करत होती मंग?"

माय जे करते ते लहानपणच्या गोष्टीत येतच नाही. ती रडत बसत नाही, ती संप करते. देवळात जाऊन बसते आणि वर्षभर जमिनीतून एक दाणा उगवू देत नाही. बैल नांगर ओढतात, बी मातीतच राहतं. माणसं मरायला टेकतात, देवांचे नैवेद्य बंद पडायची वेळ येते. झ्यूस एकेक देवाला भेटवस्तू घेऊन पाठवतो. ती म्हणते, आधी पोरगी दाखवा. दुबार पेरणी काय असते हे माहीत असलेल्या वऱ्हाडातल्या माणसाला ही धमकी समजावून सांगावी लागत नाही. झ्यूसला झुकावं लागतं.

पण पोरीनं पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षातला तिसरा हिस्सा तिला तिकडे राहावं लागतं. बाकीचे दिवस माहेरी. आता सांगा, हे कोणासारखं आहे? आपली भुलाबाई! भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत माहेरी येते, ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात बसते, आणि पोरी गाण्यांमधून सासरची गाऱ्हाणी सांगतात. अथेन्समध्येही पेरणीच्या दिवसांत डिमीटर आणि तिच्या लेकीचा तीन दिवसांचा सण असायचा, फक्त बायांचा. पुरुषांना तिथं प्रवेशच नाही. एकानं दुसऱ्याचं उचललं असं मी म्हणत नाही हं. लेक सासरी जाणं दोन्हीकडे होतं, एवढंच.

आणखी एक बारकावा. स्तोत्रात हेडीस तो दाणा लपूनछपून देतो, आणि पोरगी मायला सांगते की मला बळजबरीनं खाऊ घातला. पाच-सहाशे वर्षांनी रोमन कवी ओव्हिड हीच गोष्ट लॅटिनमध्ये लिहितो, तेव्हा ती बागेत फिरताना स्वतःच डाळिंब तोडते आणि सात दाणे खाते. म्हणजे गोष्ट रोमला पोचेपर्यंत दोष पोरीवर ढकलला गेला! मला हा बदल अजिबात आवडला नाही.

आपली रुक्मिणी आठवा. तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर तिचं माहेर. भावानं शिशुपाल ठरवला होता, तिनं स्वतः कृष्णाला पत्र पाठवलं. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून तो तिला घेऊन गेला असं आपल्याकडे सांगतात. त्यालाही आपण 'हरण'च म्हणतो, रुक्मिणीहरण. पण जिनं स्वतः बोलावलं आणि जिला न विचारता उचललं, त्या दोघींना एकच शब्द कसा चालेल राजेहो?

स्तोत्र नेटवर फुकट आहे, अर्ध्या तासात वाचून होतं. आणि तुमच्या आई-आजीला भुलाबाईची गाणी येत असतील तर फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. सासूच्या तक्रारीची असतील तर आधी. पुढच्या भागात ती ऐकू.