संगणकाची भरलेली देवडी



जुन्या वाड्याला देवडी असे. वाडा कितीही प्रशस्त असला, तरी आंत जाण्याची वाट त्या चिंचोळ्या देवडींतूनच. लिनक्सवर चालणाऱ्या कित्येक संगणकांची रचना अशीच असते. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें ज्या कर्नेलचा आरंभ केला, तें कर्नेल म्हणजे या व्यवस्थेचा गाभा. संगणक सुरू होतांना प्रथम तेंच स्मृतींत आणावें लागतें. उबुंटूसारख्या व्यवस्थेंत सारी डिस्क कूटबद्ध करून कुलुपांत ठेवली, म्हणजे कर्नेलसाठीं कुलपाबाहेर एक लहानसा विभाग राखला जातो. त्याचें नांव बूट. जुन्या कित्येक यंत्रांत तो ५०० मेगाबाइटांच्या आसपासच असतो.

अडचण उद्भवते ती येथेंच. कर्नेलची नवी आवृत्ति जुनीच्या जागीं न बसतां तिच्या शेजारीं येऊन बसते. प्रत्येक आवृत्तीबरोबर आरंभसामग्रीची एक मोठी फाइल तयार होते. ती एकटीच बहुधा ५० मेगाबाइटांहून अधिक जागा घेते. जुन्या आवृत्त्या वेळींच न काढल्या, तर देवडी गच्च भरते, नवी फाइल अर्धवट राहते आणि पुढील सुधारणा अडून बसतात. डिस्कवर शेंकडों गिगाबाइट मोकळे असूनही यंत्र ‘जागा नाहीं’ अशी तक्रार करतें, तें यामुळें. खरा धोका असा कीं, संगणक वरकरणीं सुरळीत चालत राहतो. परंतु सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्याला पोंचत नाहींत.

अशा वेळीं घाईनें यंत्र बंद करून पुन्हा सुरू करूं नये. अर्धवट बसलेल्या कर्नेलवर तें उठेलच असें नाहीं. प्रथम ‘डीएफ’ या आज्ञेनें बूट विभाग किती भरला तें पाहावें, आणि ‘यूनेम -आर’ या आज्ञेनें चालू कर्नेल कोणतें याची नोंद करावी. तें कदापि काढूं नये. नंतर ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा द्यावी. अनावश्यक जुन्या आवृत्त्या ती स्वतःच काढते. तीही अडली, तर ‘डीपीकेजी’च्या साहाय्यानें सर्वांत जुनी आवृत्ति, तिच्या जोडीच्या पॅकेजांसह, नांवानिशीं काढावी, व मग अडलेलें काम ‘एपीटी’कडून पुरें करून घ्यावें. फाइली हातानें पुसून टाकणें हा जवळचा मार्ग खरा. पण मग खतावणींत नोंद राहते आणि कोठारांत माल नसतो.

सारेंच जुनें काढावें काय? नाहीं. नवें कर्नेल एखाद्या यंत्राशीं न जुळल्यास ‘ग्रब’च्या यादींतून मागील आवृत्ति निवडतां येते आणि यंत्र पुन्हा उभें राहतें. म्हणूनच फेडोरा या व्यवस्थेंत एका वेळीं ३ कर्नेल ठेवण्याचा मूळ नियम आहे. नवा पहारेकरी रुजूं झाला, म्हणजे जुन्यांपैकीं एकाला देवडींत राहूं द्यावें, बाकीच्यांना निरोप द्यावा. आणि महिन्याकाठीं एकदां तरी देवडींत डोकावून पाहावें.