युद्ध, वळिवडे आणि आपल्या वस्तीतील म्हातारी माणसे

(वर्षावासानिमित्त अमरावती येथे दिलेले भाषण)



युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सैनिक उभा राहतो. घरी उरलेली म्हातारी उभी राहत नाही. आज तिच्याविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी मी तुम्हाला कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी नेणार आहे.

1939 साली पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पूर्व भागातील लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आले. पुढे 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला, करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. हातीपायी धड पुरुष जनरल अँडर्स यांच्या फौजेत गेले. मागे कोण उरले? बायका, लेकरे, आजारी आणि म्हातारे. त्यांतील काही इराणमार्गे भारतात आले. जामनगरजवळ बालाचडीला मुलांची सोय जामसाहेबांनी केली. कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. बाबासाहेब त्या सुमारास व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हा काळाचा मेळ विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. आणि त्याच 1943 साली बंगालात आपलीच लाखो माणसे भुकेने मेली, हेही विसरता येत नाही.

वळिवड्याला बराकी होत्या, परंतु त्यांत कुटुंबागणिक वेगळ्या खोल्या केलेल्या होत्या. शाळा, दवाखाना, चर्च, दुकाने होती. मला त्यातली खोली मोठी वाटते. दोन वर्षे हाकलत नेलेल्या म्हाताऱ्या बाईला स्वतःचे दार लावून निजता आले. काही जणांचा शेवट इथेच झाला; त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. छावणी रिकामी झाल्यावर त्याच जागी फाळणीत उखडलेले सिंधी बांधव आले. आज ते गांधीनगर आहे.

आता आपल्या वऱ्हाडात या. 1972 च्या दुष्काळात मी लहान होतो. आमच्या दर्यापूर तालुक्यात कामे निघाली, खडी फोडायची आणि मजुरी घ्यायची. आमची आजी पहिल्या दिवशी गेली, हातोडा उचलेना म्हणून परत आली. ओट्यावर बसून म्हणाली, "मायाच्यानं गोटे फुटत नाई, त मंग म्या खाव नाई काय बाप्पा?" आई आपल्या वाट्याची अर्धी भाकर तिला द्यायची. आईही दिवसभर खडीवरच असायची. मदत आली होती, खोटे कशाला बोलू. पण ती हातात बळ असणाऱ्यापर्यंत आली.

आपल्या संस्थेचेही तेच होते. मागच्या पुरात आपण धान्य वाटले, रांग लावली. रांगेत दोन तास कोण उभे राहू शकले? तरणी पोरे. मीही वाटायला होतो, आणि मला आजी आठवली ती सायंकाळी, पोती संपल्यावर.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. आपापल्या वस्तीतील एकटी राहणारी, अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी न दिसणारी माणसे घरोघर जाऊन लिहून काढा. नाव, घर, औषध कोणते, रात्री हाक मारली तर कोण येईल, एवढे पुरे. वह्या चिटणीसांकडे आहेत. भोजनदानानंतर घेऊन जा. पुढच्या पौर्णिमेला भरून आणा.