सुईदोरा आणि रानवाट



अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाचियन पर्वतरांगेतून, जॉर्जियापासून मेनपर्यंत चौदा राज्ये ओलांडीत जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची एक पायवाट आहे. पाठीवर बिऱ्हाड घेऊन रानातून चालणाऱ्यांची ती पंढरीच. चळवळीतील कार्यकर्त्याला हा सारा रिकामटेकड्यांचा षोक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या लेखातून ही वाट जन्मली, त्याचा आरंभ डोंगरांच्या वर्णनाने नव्हे, आर्थिक प्रश्नाने होतो.

बेंटन मॅके या वनतज्ज्ञाने ऑक्टोबर १९२१ मध्ये वास्तुविशारदांच्या नियतकालिकात तो लेख लिहिला. राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला येणारी फुरसत किती आणि तिचे करावयाचे काय, हा त्याचा विषय. त्याच्या योजनेत वाट ही केवळ कणा होती. तिच्या कडेने निवारे, सामुदायिक वस्त्या आणि अन्न पिकविणाऱ्या शेती-छावण्या उभ्या राहावयाच्या होत्या. जमीन वस्तीच्या सामाईक मालकीची असावी, तिचे तुकडे पाडून विकू नयेत, ही अट मॅकेने स्पष्ट शब्दांत घातली होती. १९३७ साली स्वयंसेवकांच्या श्रमांतून वाट पुरी झाली. वस्त्या मात्र कागदावरच राहिल्या. (या वाटेच्या दक्षिण टोकाकडील मुलखातून चेरोकी लोकांना १८३८ मध्ये लष्कराने हुसकावून लावले होते. 'निर्मनुष्य' म्हणविले जाणारे रान पुष्कळदा निर्मनुष्य केलेले असते, याचे भान मॅकेच्या लेखातही नव्हते.)

दुसऱ्या महायुद्धानंतर रानात जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या मागोमाग बाजारही रानात शिरला. धातूच्या चौकटीची सॅक, बंदिस्त तंबू, जाड कातड्याचे बूट हे सारे विकत घ्यावयाचे. आणि पाठीवर वीस-पंचवीस किलोंचे ओझे वाहणे हेच अनुभवी माणसाचे लक्षण! वाट सर्वांची राहिली, पण तिच्या तोंडाशी न दिसणारे एक जकातनाके उभे राहिले.

ते नाके प्रथम ओलांडले ते ओहायोतील एका शेतकरी बाईने. एमा गेटवूडचा जन्म १८८७ चा. अकरा मुलांची आई, नवऱ्याची मारहाण वर्षानुवर्षे सोसलेली, १९४१ मध्ये घटस्फोट घेतलेली. मे १९५५ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी ती जॉर्जियातून एकटी निघाली आणि २५ सप्टेंबरला मेनमधील कटाडिन शिखरावर पोहोचली. संपूर्ण वाट एका हंगामात एकटीने चालणारी ती पहिली स्त्री. तिचे साहित्य काय होते? डेनिमच्या कापडाची स्वहस्ते शिवलेली, एका खांद्यावर टाकावयाची पिशवी, एक घोंगडी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. ओझे क्वचितच नऊ किलोंच्या वर जाई. हा कोणता सिद्धान्त नव्हता. घरात जे होते ते तिने घेतले.

त्याचे शास्त्र पुढे इतरांनी केले. १९६६ मध्ये कोलोरॅडोत 'फ्रॉस्टलाइन' नावाचा उद्योग निघाला. बेतून कापलेले कापड, दोरा आणि सूचना तो घरपोच पाठवी आणि माणसे घरच्या यंत्रावर पिसांची जाकिटे शिवीत. पुढे रे जार्डिन या माजी विमान-अभियंत्याने पत्नी जेनीसह स्वतः साहित्य शिवून दूरच्या वाटा चालल्या आणि १९९२ च्या आपल्या पुस्तकात प्रत्येक वस्तूची उलटतपासणी केली. स्लीपिंग बॅगेची खालची बाजू कशाला हवी? ऊब देते ती तंतूंत अडकलेली हवा. देहाच्या भाराखाली ती दबून निघून जाते, आणि खाली फोमची चटई असतेच. म्हणून तळ काढून टाकावा, वरचे पांघरूण तेवढे ठेवावे. म्हणजे गोधडीच! कोणत्याही मराठी आजीला हा शोध ऐकून हसू येईल. तंबूऐवजी नायलॉनचे पाल: बंदिस्त तंबूत श्वासाची वाफ आतून पाझरते, पालाखाली वारा खेळतो. ओझे उतरले की सॅकला चौकट लागत नाही, गुंडाळलेली चटईच तिला ताठपणा देते. आणि सॅक हलकी झाली की जड बुटांचेही कारण उरत नाही. अन्न-पाणी वगळून साडेचार किलोंच्या आतले बिऱ्हाड हे पुढे या पंथाचे माप ठरले.

शिवण मात्र सोपी नव्हे. सिलिकॉन चढवलेले नायलॉन यंत्राखाली मासोळीसारखे निसटते. शिवण दुहेरी दुमडावी लागते, सुईची भोके बुजवावी लागतात, पट्ट्याचा जोड पुन्हा पुन्हा टाके घालून पक्का करावा लागतो. पहिली सॅक बहुधा वाकडीच होते. पण असा एक जोड स्वतः घातलेल्या माणसाला दुकानातील वस्तूच्या किमतीत शिवणाऱ्या हातांचा वाटा किती, हा प्रश्न सुचल्याशिवाय राहत नाही.

तरीही या स्वावलंबनाचा गौरव बेताने करावा. नायलॉन तेलाच्या रसायनांतूनच येते, ते घरी विणता येत नाही. हलक्या साहित्याचाही आता एक महागडा बाजार झाला आहे. शिवाय जो तो आपली सॅक शिवून एकटा डोंगरात गेला, म्हणून मॅकेच्या सामाईक वस्त्या उभ्या राहिल्या नाहीत. सुईने किमतीचा अडसर दूर होतो. वेळेचा होत नाही. संपूर्ण वाट चालण्यास पाच ते सात महिने लागतात, आणि खाजगी नोकरीतील कामगाराला पगारी वार्षिक रजेचा हक्क देणारा राष्ट्रीय कायदा अमेरिकेत आजही नाही. मॅकेने १९२१ मध्ये मांडलेला प्रश्न तो हाच. एमा गेटवूडही निघाली ती अकराही मुले वाढवून मोकळी झाल्यावर.