कीर्द, खतावणी आणि संगणक

(अहिल्यानगर येथे संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आर्थिक व्यवहारांची सॉफ्टवेअर घडविण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली, त्या प्रवासाविषयी मी बोलावे अशी आपली इच्छा आहे. या क्षेत्राला आज 'फिनटेक' म्हणतात. माझ्या उमेदवारीच्या काळात हा शब्द आपल्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. आम्ही साध्या भाषेत 'पतसंस्थेचे काम' म्हणत असू, आणि मुलीकडच्या मंडळींना तेही पटवून द्यावे लागे!

आपला जिल्हा सहकाराचा. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरच्या कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले, हे आपण शाळेत वाचले असेल. उसाचे पैसे शेतकऱ्याच्या हाती आले आणि ते ठेवण्यासाठी, फिरविण्यासाठी पेठेपेठेत संस्था उभ्या राहिल्या. सर्वसामान्य हमाल किंवा भाजीवाली बँकेच्या काचेच्या दारातून आत जात नाही. पतसंस्थेचा पिग्मी एजंट मात्र रोज संध्याकाळी तिच्या पाटीपाशी जाऊन उभा राहतो. ही पिग्मीची कल्पना उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली काढली. नव्वद वर्षांनंतरही दाराशी जाऊन दहा रुपये गोळा करण्याइतकी विश्वासाची दुसरी यंत्रणा आपल्याला सापडलेली नाही, असे माझे मत आहे.

माझे मामा राहुरी तालुक्यातील एका पतसंस्थेत लेखनिक होते. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्याजवळ बसून जमाखर्च शिकलो. रोजकीर्द, तिच्यावरून खतावणी आणि खतावणीवरून तेरीज, असा तो क्रम. तेरीज जुळल्याशिवाय मामा घरी जात नसत. फरक आला, की प्रथम ते त्याला नवाने भागून पाहात. पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. ४५ ऐवजी ५४ लिहिले की फरक ९ चा पडतो, ३७ ऐवजी ७३ लिहिले की ३६ चा. पुढे महाविद्यालयात चूक शोधण्याच्या अनेक रीती शिकलो, पण पहिली रीत मला कडाप्प्याच्या त्या ओट्यावर मिळाली.

१९९८ साली पदविका घेऊन बाहेर पडलो तेव्हा पतसंस्थांत संगणक येऊ लागले होते. डॉसवर चालणारे फॉक्सप्रो, मराठी अक्षरांसाठी सीडॅकचे जिस्ट कार्ड आणि खडखडाट करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एवढा आमचा संसार. एजंटांच्या हातातील पिग्मी यंत्रे सकाळी रिकामी भरून द्यायची आणि संध्याकाळी त्यांतील नोंदी संगणकात ओतायच्या. पैशांच्या बाबतीत दशांश चिन्ह विश्वासघातकी असते, म्हणून सारी रक्कम पैशांतील पूर्णांकात साठवावी, हा धडा व्याज आकारणीत सात पैसे हरवल्यावर मिळाला. त्या सात पैशांसाठी मी दोन रात्री जागलो होतो.

खरी परीक्षा भारनियमनाने घेतली. एका खात्यातून रक्कम वजा झाली, दुसऱ्या खात्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर पैसे कुठे आहेत? ते कुठेच नाहीत. म्हणून दोन्ही नोंदी एकाच गाठीत बांधाव्या लागतात. होतील तर दोन्ही, नाही तर एकही नाही. एका संगणकात हे साधता येते. परंतु वजा एका बँकेत आणि जमा दुसऱ्या बँकेत व्हायची असेल, तर ती गाठ कोण बांधणार? ११ एप्रिल २०१६ रोजी जाहीर झालेल्या यूपीआयमध्ये मध्ये बसलेली राष्ट्रीय देयक निगमची यंत्रणा दोन्ही बँकांशी बोलते. पैसे देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम निघाली आणि घेणाऱ्याच्या बँकेचे उत्तर वेळेत आले नाही, तर व्यवहार अधांतरी राहतो. मग ताळमेळ घालून तो पुरा करावा लागतो किंवा उलट फिरवावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर महिन्याकाठी दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडणारे व्यवहार झाले. चहाच्या टपरीवर 'प्रक्रिया सुरू आहे' असे वाचत आपण उभे असतो, तेव्हा पडद्याआड फॉक्सप्रोच्या काळातील तोच जुना प्रश्न सोडविला जात असतो. ही व्यवस्था स्वदेशी आहे याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र स्वदेशी असणे ही गुणवत्तेची हमी नव्हे, हे आम्हा कारागिरांना ठाऊक असते.

आता ज्या गोष्टीविषयी बोलावे की नाही, असा विचार मी येताना करीत होतो, ती सांगतो.

साधारण २००३ सालची घटना. माझी प्रणाली वापरणाऱ्या एका संस्थेच्या व्यवस्थापकांनी मागणी केली, की बंद केलेला दिवस पुन्हा उघडून मागील तारखेची नोंद करण्याची सोय हवी. कारण दिले चुका दुरुस्त करण्याचे. मी दोन संध्याकाळी बसून ती करून दिली. देयक वेळेवर मिळाले. थकीत कर्जाचे 'नवे-जुने' करणे हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे द्यायचे, म्हणजे ३१ मार्चला थकबाकी दिसत नाही. पूर्वी त्यासाठी मार्चअखेर धावपळ करावी लागे. माझ्या सोयीमुळे ते काम जूनमध्ये निवांत करता येऊ लागले.

काही वर्षांनी त्या संस्थेने ठेवी परत देणे थांबविले. ठेवीदारांत निवृत्त शिक्षक होते, बाजारातल्या बायका होत्या आणि माझे मामाही होते. त्यांच्या निवृत्तीची बहुतेक रक्कम तिथेच होती. बँकेतील ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण आहे, २०२० पासून ते पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. लेखापरीक्षकांनी मला बोलावले आणि एकच विचारले, "या नोंदी कोणी आणि कोणत्या दिवशी केल्या?" मला सांगता येईना. नोंद कोणत्या तारखेची आहे, एवढेच माझी प्रणाली ठेवीत होती. ती प्रत्यक्षात केव्हा झाली, कोणाच्या हातून झाली, याचा माग मी ठेवलाच नव्हता. कागदाच्या कीर्दीत खाडाखोड दिसते, शाईचा रंग बदललेला दिसतो. मी तयार केलेल्या कीर्दीत काहीच दिसत नव्हते. ज्यांनी हे केले, त्यांच्या बचावाला माझे अज्ञान उपयोगी पडले.

पुढे पुण्यातील एका कंपनीत मी बँकांच्या मुख्य प्रणालीवर काम केले, अनेक देशांत जाऊन आलो. पण बँकांच्या घोटाळ्यांचे वृत्तांत मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने वाचतो. २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेत तेरा हजार कोटींहून अधिक रकमेचा जो प्रकार उघडकीस आला, त्यात हमीपत्रांचे संदेश स्विफ्टवरून जात होते आणि मुख्य प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत मोठ्या कर्जदाराची थकबाकी झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविल्याचे पुढे आले. दोन्ही ठिकाणी संगणक होते, अद्ययावत होते. जिथे पाहायचे, तिथे ते पाहात नव्हते, इतकेच.

कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिलाच पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम केंद्र सरकारने १ एप्रिल २०२३ पासून लागू केला. हा नियम कंपन्यांसाठी आहे. तो वाचताना मला वीस वर्षांपूर्वीच्या त्या दोन संध्याकाळी आठवल्या.

नोकरी सोडून मी पुन्हा पतसंस्थांच्या कामाला लागलो, त्याला आता काही वर्षे झाली. आमच्या प्रणालीत नोंद पुसता येत नाही. चूक झाली तर आजच्या तारखेची उलट नोंद करावी लागते आणि दोन्ही कायम राहतात. गिऱ्हाईक यामुळे जाते, हे प्रांजळपणे सांगतो. पहिल्याच बैठकीत "मागची तारीख उघडते ना?" असा प्रश्न हमखास येतो, नाही म्हटले, की चहा येतो, पण कार्यादेश येत नाही. ज्या संस्था टिकून आहेत, त्यांचे अध्यक्ष हा प्रश्न विचारीत नाहीत, असाही माझा अनुभव आहे. आपल्यापैकी ज्यांना या क्षेत्रात यायचे आहे, त्यांनी पहिली ओळ लिहिण्याआधी एक महिना रोखपालाच्या शेजारी बसावे. मार्चचा महिना मिळाला तर अधिक चांगले.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. अवसायकाकडून ठेवीचा काही हिस्सा मिळाला, उरलेल्याचे पासबुक ट्रंकेत आहे. ती सोय कोणी करून दिली होती, हे मी त्यांना सांगायला फार उशीर केला. ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "तुझ्या या नव्या यंत्रात एकतीस मार्च पुन्हा उघडतो का?" उघडत नाही, असे मी म्हणालो. "तेरीज?" ती रोज रात्री आपोआप निघते, असे सांगितले. "मग फरक आला तर नवाने भागतो कोण?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या आवृत्तीत मी ती तपासणी घातली आहे.

आता आपले प्रश्न घेऊ या.