मुक्या सिनेमातली खोडी

आज आम्ही तुम्हाला एका जुन्या सिनेमातली गंमत सांगणार आहोत.

रात्रीची वेळ. शेठ आणि शेठाणी गाढ झोपलेत. बाळकृष्ण हळूच खोलीत शिरतो आणि शेठची दाढी शेठाणीच्या केसांना बांधून टाकतो! जाग आल्यावर काय होणार, ते सांगायला हवं का?

हा सिनेमा दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, १९१९ सालचा. तेव्हा सिनेमा मुका होता. मधूनमधून पडद्यावर अक्षरं यायची, पण वाचता न येणाऱ्या बाईलाही ही खोडी कळायची. फाळक्यांची रीतच तशी. कॅमेरा बहुतेक एका जागी, आपण दंडार पाहायला बसतो तसा समोर. सांगायचं ते चेहऱ्यानं आणि हातांनी. आणि नवरा-बायकोची थट्टा केली, तरी एकट्या बायकोचं हसं केलं नाही. गाठ दोघांनाही सारखीच ओढते.

आता खरी गोष्ट ऐका. हा खोडकर कृष्ण एक मुलगी होती. फाळक्यांची लेक मंदाकिनी, वय सहा-सात वर्षं. सिनेमाच्या सुरुवातीला ती चेहऱ्यावर एकेक भाव दाखवते आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो.

त्याआधी सहाच वर्षं, १९१३ साली, ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना तारामती मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषानं ते काम केलं. आपल्या खडी गंमतीत पुरुषच बाई होतो ना, तसंच. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. या मायलेकींनी वाट केली, म्हणून पुढच्या बायकांना पाऊल टाकता आलं.

पडद्यामागं सरस्वतीबाई फाळके होत्या. पहिल्या सिनेमासाठी त्यांनी दागिने दिले, फिल्मच्या पट्टीला भोकं पाडली, ती धुतली आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. पडद्यावर त्या कुठंच दिसत नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, येत्या गोकुळाष्टमीला गावात कृष्ण कोण होणार हे ठरेल, तेव्हा एखाद्या धीट पोरीचं नाव सुचवा. पोरीला खोड्या करू द्या, लोकांना हसू द्या. आणि शेवटी आभार मानताना चुलीपाशी राबलेल्या बाईचं नाव मोठ्यानं घ्या.