नाताळचा पेला आणि जातीचा दाखला



नाताळ तोंडावर आलाय आणि मला विषय दिलाय ‘ख्रिस्ती श्रद्धा प्रामाणिकपणे जगणं’. मी समाजशास्त्राची. कुणाच्या मनातली श्रद्धा मोजायचं साधन माझ्याकडे नाही. कोण कुठे बसतं, कोण कुणाच्या आधी पितं, एवढं मात्र पाहता येतं. म्हणून माझं संशोधन जिथे चालू आहे त्या तंजावरबद्दल बोलते.

तंजावर म्हटलं की आपल्याला भोसले आठवतात, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आठवतो. तिथेच शिवगंगा बागेजवळ १७७९ सालचं श्वार्ट्झ चर्च आहे. मिशनरी श्वार्ट्झ १७९८ साली वारला. दुसऱ्या सरफोजीराजांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. मरणशय्येवरच्या गुरूचा हात राजाने धरलाय. पर्यटकांना एवढंच दाखवतात.

त्याच गुरूचा दुसरा शिष्य वेदनायकम शास्त्री (१७७४-१८६४). वेळ्ळाळ जातीचा, सरफोजींच्या दरबारी मान असलेला कवी. त्याची ख्रिस्ती गीतं तमिळ चर्चमध्ये आजही गातात. त्याच्या श्रद्धेवर शंका घ्यावी असं मला कुठे दिसत नाही. पण त्या काळी चर्चमध्ये वेळ्ळाळ एका बाजूला बसायचे, परैयर दुसऱ्या. प्रभुभोजनाचा पेला आधी वेळ्ळाळांकडे जायचा. नव्या मिशनऱ्यांनी ही रीत मोडायला घेतली तेव्हा शास्त्रींनी जातीच्या बाजूने लेखणी चालवली. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सनने चर्चमध्ये जात चालणार नाही असं पत्र काढलं, १८३५ च्या सुरुवातीला तो स्वतः तंजावरला आला. बऱ्याच वेळ्ळाळांनी चर्च सोडलं, जात सोडली नाही. ते अश्रद्ध होते का? नाही. मला तेच तर जास्त बोचतं.

जुनी गोष्ट म्हणाल, तर शेजारच्या तिरुचिरापल्लीत मेलपुदूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतली भिंत बघा. दलितांच्या कबरी एकीकडे, बाकीच्यांच्या दुसरीकडे. डिसेंबर २०१६ मध्ये, ऐन नाताळाआधी, भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या धोरणपत्रात चर्चमधली अस्पृश्यता लेखी मान्य केली.

बाबासाहेब १९३८ च्या सुरुवातीला सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढे दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातीवर बोलले होते. महाराची मुलं ख्रिस्ती झाली की त्यांची शिष्यवृत्ती जाते, हेही तेव्हाच म्हणाले होते. पुढे १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश आला. त्यात १९५६ साली शीख घेतले, १९९० साली बौद्ध. म्हणून आपल्यातल्या कितीजणांचं शिक्षण झालं. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईची दाखल्याची मागणी फेटाळली. तिचा बाप्तिस्मा झालाय, ती नेमाने चर्चला जाते, हे तिच्या विरोधात गेलं. म्हणजे पेला वेगळा ठेवणाऱ्याला श्रद्धेचा पुरावा कुणी मागत नाही. जिला दाखला हवा, तिचं चर्चला जाणंसुद्धा मोजलं जातं.

तंजावर जिल्ह्यातली पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी. दाखल्यावर हिंदू, रविवारी चर्चमध्ये. घरातली पहिलीच शिकलेली. तिने मला विचारलं, “अक्का, दारावर नाताळचा तारा लावला तर दाखल्याला धोका आहे का?” मी तिला त्या आदेशातला तिसरा परिच्छेद वाचून दाखवला. तिने तारा लावला, घराच्या आतल्या बाजूला.