खेळाडूंची अदलाबदल आणि तिचा हिशेब

बेसबॉलमध्ये ज्याला ‘ट्रेड’ म्हणतात तो व्यवहार म्हणजे दोन संघांनी आपापल्या करारातील खेळाडू, त्यांच्या कराराच्या उरलेल्या मुदतीसह, परस्परांना देणे होय. त्यात कधीमधी पैसाही येतो, पण मुख्य चलन खेळाडू हेच असते. भारतात ही रीत आयपीएलमुळे परिचित झाली असून तेथे दोन हंगामांच्या मधल्या ठरावीक मुदतीत, खेळाडूची संमती घेऊन, असे व्यवहार होतात. व्यवहार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोण जिंकले आणि कोण फसले याचा निकाल वर्तमानपत्रांत लागतो व काही वर्षांनी तोच निकाल फिरलेला दिसतो. मात्र निकालाची घाई क्षणभर बाजूला ठेवली तरी तो नेमका कशावर द्यायचा, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण 1987 सालचे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्स या संघाने अटलांटा ब्रेव्हजकडून डॉइल अलेक्झांडर हा 36 वर्षांचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, घेतला आणि त्याच्या बदल्यात जॉन स्मोल्ट्झ हा मुख्य लीगमध्ये अद्याप एकही सामना न खेळलेला 20 वर्षांचा तरुण दिला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात 9 सामने जिंकले, एकही गमावला नाही, आणि डेट्रॉइटने आपल्या विभागाचे विजेतेपद अगदी शेवटच्या दिवशी पटकावले. स्मोल्ट्झ पुढे अटलांटाकडून दोन दशके खेळला, 1995 च्या जागतिक मालिकेतील विजयात सहभागी झाला, 1996 मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला आणि 2015 मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला. आज या व्यवहाराचे नाव निघाले की डेट्रॉइटचे हसे होते. वास्तविक डेट्रॉइटला त्या ऑगस्टमध्ये विभाग जिंकायचा होता, त्यासाठी अनुभवी पिचर हवा होता, आणि तो हेतू अपेक्षेपेक्षाही अधिक पुरा झाला. अलेक्झांडर नसता तर विभाग हातचा गेला असता, असे म्हणायला भरपूर आधार आहे. पुढच्या फेरीत मात्र त्याने सुरू केलेले दोन्ही सामने संघाने गमावले आणि 1989 मध्ये तो 18 सामने हरला, हेही त्याच खात्यात मांडावे लागते.

यावरून हिशेबाची दोन खाती वेगळी ठेवणे किती आवश्यक आहे ते कळते. पहिले खाते निर्णयाचे, म्हणजे व्यवहार करताना जी माहिती उपलब्ध होती तिच्या आधारे तो शहाणपणाचा होता की नाही याचे. दुसरे फलिताचे, म्हणजे प्रत्यक्षात काय घडले याचे. चांगला निर्णय वाईट फळ देऊ शकतो आणि बेफिकीर निर्णयाला नशिबाने उत्तम फळ येऊ शकते, म्हणून एका खात्यातील जमा दुसऱ्यात ओढणे ही बेसबॉल-चर्चेतील सर्वांत रुळलेली चूक होय. फलित मोजण्यासाठी अमेरिकेतील अभ्यासक ‘वॉर’ नावाचे माप वापरतात. एखाद्या खेळाडूच्या जागी बाजारात सहज आणि स्वस्तात मिळणारा बदली खेळाडू उभा केला असता, तर त्या संघाचे किती विजय कमी झाले असते, याचा तो अंदाज असतो. या मापाचे मोल त्यातील आकड्यापेक्षा त्यामागच्या प्रश्नात अधिक आहे, कारण तुलना नेहमी ‘दिले किती, मिळाले किती’ अशी नसून ‘व्यवहार न होता तर काय झाले असते’ या पर्यायाशी असावी लागते.

मराठी क्रिकेटरसिकांना ही गुंतागुंत अजिंक्य रहाणेच्या उदाहरणावरून अधिक जवळून पाहता येईल. नोव्हेंबर 2019 मध्ये राजस्थान रॉयल्सने, संघाचे कर्णधारपद भूषवलेल्या रहाणेला दिल्ली कॅपिटल्सकडे दिले आणि बदल्यात मयंक मार्कंडे व राहुल तेवतिया हे दोन लेगस्पिनर घेतले. नावाच्या वजनावर पाहता दिल्लीची बाजू भारी होती, यात शंका नाही. तथापि दिल्लीच्या फळीत शिखर धवन, पृथ्वी शॉ, श्रेयस अय्यर आणि ऋषभ पंत आधीच असताना रहाणेला कोणत्या क्रमांकावर खेळवायचे, याचे उत्तर व्यवहाराच्या दिवशीही सोपे नव्हते. निर्णयाच्या खात्यातील ही उणीव तेव्हाच दिसण्यासारखी होती, ती फलितावरून मागाहून शोधून काढलेली नाही.

2020 चा हंगाम संयुक्त अरब अमिरातीत झाला. 27 सप्टेंबरला शारजामध्ये पंजाबविरुद्ध 224 धावांचा पाठलाग करताना तेवतियाला बढती देऊन पाठवण्यात आले, आणि पहिल्या 23 चेंडूंत त्याने 17 धावा करून आपल्याच संघाच्या चाहत्यांचा संताप ओढवून घेतला. अखेरच्या 3 षटकांत 51 धावा हव्या असताना शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात त्याने 5 षटकार मारले आणि राजस्थानने सामना जिंकला. त्या षटकाच्या आधी व्यवहाराचे मूल्य विचारले असते तर उत्तर शून्याच्याही खाली गेले असते आणि षटक संपल्यावर विचारले असते तर आकाशाला भिडले असते. खेळाडू तोच, करार तोच, केवळ विचारण्याची वेळ वेगळी. हंगामअखेर तेवतियाच्या नावावर 255 धावा आणि 10 बळी होते, रहाणेच्या नावावर 9 सामन्यांत 113 धावा. तरीही राजस्थान गुणतक्त्यात तळाला राहिले आणि दिल्ली पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचली, तीही साखळीतील आपल्या शेवटच्या सामन्यात बंगळूरविरुद्ध रहाणेने केलेल्या 60 धावांनी दुसरे स्थान पक्के झाल्यावर. संघाच्या यशावरून व्यवहार जोखणारा येथे हमखास फसतो. 113 पैकी 60 धावा नेमक्या गरजेच्या दिवशी आल्या, हे मान्य करूनही दिल्लीचे बहुतांश यश या व्यवहाराशिवायचेच होते.

अदलाबदल केवळ खेळाडूंचीच होते असे नाही; झाशीत या विषयाची चर्चा करताना या शहराची स्वतःची अदलाबदल टाळता येत नाही. 1858 नंतर झाशी ब्रिटिशांच्या ताब्यात होती. 1861 मध्ये त्यांनी जुने शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिले आणि तटाबाहेरील झाशी नौआबाद येथे छावणी व जिल्ह्याचे ठाणे ठेवले. 1886 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत मिळाली, तर झाशी पुन्हा ब्रिटिशांकडे गेली. शिंद्यांच्या राजधानीवर नजर ठेवून बसलेला किल्ला परक्या फौजेकडे असणे हे दरबाराचे जुने शल्य होते. ब्रिटिशांच्या लेखी त्या किल्ल्याचे लष्करी महत्त्व तोवर ओसरले होते, आणि झाशी त्यांना शेजारच्या छावणीशी जोडून घेता येत होती. एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याचा तोटाच, ही समजूत अशा ठिकाणी टिकत नाही, कारण एकाच वस्तूची किंमत दोघांच्या गरजेप्रमाणे वेगळी ठरते, आणि बेसबॉलमध्येही विजेतेपदाच्या उंबरठ्यावरचा संघ व नव्याने उभारणी करणारा संघ यांच्यातील व्यवहार दोघांनाही लाभतो तो याच कारणाने.

दोन्ही बाजू समाधानी असल्या तरी ज्यांची अदलाबदल झाली त्यांचे खाते कोणी उघडत नाही. झाशीच्या रहिवाशांना 1861 मध्ये आणि 1886 मध्ये कोणी विचारले नाही. अमेरिकेत 1969 साली सेंट लुई कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाकडे पाठवले तेव्हा त्याने जाण्यास नकार दिला आणि न्यायालयात धाव घेतली. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, पण खेळाडूला मालमत्तेसारखे हलवता येते का, हा प्रश्न त्याने सार्वजनिक केला.

झाशीच्या व्यवहाराचे फलित मोजताना पुष्कळदा रेल्वे पुढे केली जाते, कारण 1889 पर्यंत इटारसी ते आग्रा हा मार्ग झाशीवरून सुरू झाला आणि 1895 मध्ये येथे रेल्वेची कर्मशाळा उभी राहून शहराचे अर्थकारण पालटले. परंतु झाशीवरून हा मार्ग नेणारी इंडियन मिडलंड रेल्वे कंपनी 1885 मध्येच, म्हणजे अदलाबदलीच्या आधी, स्थापन झाली होती, आणि तटाबाहेरील वस्ती व छावणी तर ब्रिटिशांनी कधी सोडलीच नव्हती. जुने शहर शिंद्यांकडे राहिले असते तरी स्थानक बहुधा याच परिसरात आले असते. तेव्हा कर्मशाळेचे श्रेय 1886 च्या नावावर मांडण्यापूर्वी, शहर परत मिळाल्यामुळे एरवी न झालेले असे नेमके काय झाले, त्याची वेगळी यादी करावी लागेल, आणि ती कर्मशाळेच्या मानाने बरीच आखूड निघेल.